सांगणाऱ्यापेक्षा वाचणाऱ्याला जास्त कळतं, अशी कादंबरी घे

इंग्रजीच्या वर्गात 'माझी आवडती कादंबरी' या विषयावर हजार ते दीड हजार शब्द लिहून द्यायचेत, कादंबरी ज्याची त्याने निवडायची, मुदत तीन आठवड्यांची, असा तुझा प्रश्न. इंग्रजी समजतं पण वाचायला वेळ लागतो, आणि आजवर एकही इंग्रजी कादंबरी पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचून झालेली नाही. त्यात जो तो जाडजूड 'क्लासिक' सुचवतोय. माझ्या आवडत्या कोणत्या आणि त्यातली तू कोणती घ्यावीस, असं विचारलंयस.

नावं देते, हवी तेवढी देते. पण आधी निवडीबद्दल थोडं. मी इंग्रजी शिकवते आणि असे निबंध वर्षानुवर्षं तपासत आलेय. पडलेल्या निबंधामागे कच्चं इंग्रजी फार क्वचित असतं. बहुतेक वेळा पुस्तकच असं निवडलेलं असतं की 'छान आहे, बरंच शिकायला मिळालं' यापुढे बोलायला काही उरत नाही. मग पानं भरण्यासाठी लेखकाचा जन्म येतो, त्याला मिळालेली बक्षिसं येतात, गोष्ट येते, आणि शेवटी 'म्हणून ही माझी आवडती कादंबरी आहे'. गोष्ट तर तपासणाऱ्याला पाठ असते. त्याला तुझं वाचन बघायचं असतं.

म्हणून कादंबरी हातात घेतल्यावर एक गोष्ट तपास: हे सगळं कोण सांगतंय, आणि सांगणाऱ्याला जेवढं कळतंय त्याहून जास्त मला कळतंय का? सांगणारा एक सांगतोय आणि आपल्याला त्यापलीकडचं दिसतंय, अशी फट ज्या पुस्तकात असते त्याच्यावर लिहिणं सोपं जातं. कारण ती फट दाखवायची तर वाक्यांत शिरावं लागतं, प्रसंग उघडून दाखवावा लागतो. गोष्ट सांगत बसायला वेळच उरत नाही.

उदाहरण म्हणून माझं पहिलं नाव घेऊ: जॉर्ज ऑर्वेलची 'ॲनिमल फार्म'. 1945 साली आली, दहा प्रकरणं, बहुतेक आवृत्त्यांत शंभरेक पानं. वाक्यं लहान आणि सरळ. शेतावरचे प्राणी मालकाला हाकलून देतात, स्वतःचं राज्य आणतात, आणि हळूहळू डुकरं नवे मालक होऊन बसतात. रशियन क्रांती, स्टालिन वगैरे संदर्भ सगळ्यांना माहीत असतात, आणि निबंधांतही तेच उतरतात: नेपोलियन डुक्कर म्हणजे स्टालिन, स्नोबॉल डुक्कर म्हणजे ट्रॉट्स्की, झालं. असा तक्ता भरून देणारे निबंध गठ्ठ्याने येतात. तू त्या वाटेने जाऊ नकोस.

त्याऐवजी तिसऱ्या प्रकरणात कोणाला किती वाचता येतं याची जी यादी आहे ती बघ. डुकरांना अस्खलित वाचता येतं. म्युरियल बकरी कचऱ्यात सापडलेले वर्तमानपत्राचे तुकडे वाचते. बेंजामिन गाढवाला डुकरांइतकंच येतं, पण वाचण्यासारखं काही आहेच कुठे, असं त्याचं म्हणणं, म्हणून तो वाचत नाही. क्लोव्हर घोडीला सगळी अक्षरं येतात, शब्द जुळवता येत नाहीत. बॉक्सर, शेतावरचा सगळ्यात कष्टाळू घोडा, चौथ्या अक्षरापुढे जात नाही. मेंढ्या आणि कोंबड्या पहिल्याच अक्षरावर अडतात. वाचताना ही यादी गमतीची वाटते. पुढे प्राण्यांच्या राज्याचे भिंतीवर लिहिलेले नियम रात्रीतून बदलायला लागतात तेव्हा त्याच यादीचा अर्थ फिरतो: नियम बदललाय हे कोणाला कळणार आणि कोणाला नाही, हे ऑर्वेलने आधीच ठरवून ठेवलेलं असतं.

आता नववं प्रकरण. बॉक्सर काम करता करता कोसळतो. डुकरं सांगतात, त्याला गावातल्या दवाखान्यात पाठवू. बंद गाडी येते ती भर दुपारी, प्राणी शेतात निंदणी करत असताना. बेंजामिन पळत येऊन ओरडतो. त्याला पळताना आजवर कोणी पाहिलेलं नसतं. सगळे गाडीभोवती जमतात आणि बॉक्सरला आनंदाने निरोप द्यायला लागतात. गाडीवर काय लिहिलंय ते कोणी वाचतच नाही. म्युरियल अक्षरं जुळवायला लागते, तेव्हा तिला बाजूला सारून बेंजामिन ते मोठ्याने वाचतो: घोडे कापणाऱ्याची गाडी आहे ती. ज्याला पहिल्या दिवसापासून वाचता येत होतं तो पहिल्यांदाच वाचून दाखवतो, आणि तोवर उशीर झालेला असतो. नंतर स्क्वीलर, डुकरांची बाजू पटवून देणारं डुक्कर, समजावतो की गाडी पूर्वी कसायाची होती, आता जनावरांच्या डॉक्टरने विकत घेतलीय, फक्त जुनं नाव पुसायचं राहिलंय. प्राण्यांना हायसं वाटतं.

प्रकरणाच्या अगदी शेवटी एक वाक्य येतं. डुकरांनी दारूची आणखी एक पेटी घ्यायला कुठून तरी पैसे मिळवले, अशी बातमी पसरली. बस, एवढंच. ते पैसे कुठून आले हे सांगणारा सांगत नाही, कारण कादंबरीभर तो साध्या प्राण्यांना जेवढं माहीत आहे तेवढंच सांगत आलाय. आपल्याला मात्र लगेच कळतं. बॉक्सर विकला गेला, असं सरळ लिहिलं असतं तर हे वाक्य एवढं लागलं नसतं.

'ॲनिमल फार्ममध्ये ज्यांना वाचता येतं तेही गप्प बसतात, आणि सांगणाराही गप्प बसून काम वाचकावर सोडतो' हे एक विधान घेतलंस आणि वरचे तीन प्रसंग त्याला जोडलेस, तर तुझे दीड हजार शब्द कमी पडतील. आणि यासाठी रशियाचा इतिहास एका वाक्यापलीकडे लागत नाही. युद्धकाळात सोव्हिएत संघ ब्रिटनचा मित्र असल्याने अनेक प्रकाशकांनी हे पुस्तक नाकारलं होतं, एवढी एक ओळ घातलीस तरी पुरे. (ऑर्वेलचा जन्म मोतीहारीचा, हे आपल्याकडची मुलं आवर्जून लिहितात. लिहू नकोस. त्याचा या निबंधाशी काही संबंध नाही.)

दुसरं नाव मार्क हॅडनच्या 'द क्युरियस इन्सिडेंट ऑफ द डॉग इन द नाइट-टाइम' या कादंबरीचं, साल 2003. माझ्या यादीत वाचायला सगळ्यात सोपं इंग्रजी हिचं. सांगणारा पंधरा वर्षांचा ख्रिस्तोफर. शेजारणीचा कुत्रा मेलेला सापडतो, अंगात बागकामाचं दाताळं खुपसलेलं, आणि कोणी मारलं याचा शोध तो घेतो. प्रकरणांचे क्रमांक दोन, तीन, पाच, सात, अकरा असे मूळ संख्यांचे, कारण त्याला त्या आवडतात. तो खोटं बोलत नाही, रूपकं त्याला खोटी वाटतात, दिसेल ते दिसेल तसं लिहितो. आणि तरीही, किंवा म्हणूनच, त्याच्या आईवडिलांमध्ये काय घडून गेलंय हे आपल्याला त्याच्या बरंच आधी कळतं. मोठी माणसं त्याच्यासमोर बोलतात, तो शब्दन् शब्द लिहून ठेवतो, त्यातला सूर त्याला ऐकू येत नाही. तो आपल्याला ऐकू येतो. बाप-लेक मिठी मारत नाहीत, ख्रिस्तोफरला स्पर्श सहन होत नाही. त्याऐवजी दोघं हाताची बोटं पंख्यासारखी पसरतात आणि एकमेकांच्या बोटांना टेकवतात. ही खूण पुस्तकात कधी कधी येते आणि प्रत्येक वेळी तिचा अर्थ कसा बदलतो, एवढंच धरून चांगला निबंध होतो.

यात दोन धोके. शिव्या आहेत, वर्गात चालतील का ते आधी विचारून घे. दुसरा धोका मोठा आहे. मुलं ख्रिस्तोफरच्या स्थितीला वैद्यकीय नाव देतात आणि मग त्या आजाराची माहिती लिहीत सुटतात. कादंबरीच्या मजकुरात ते नाव येत नाही, लेखकाने मुद्दाम टाळलंय. तूही टाळ.

तिसरी, डॅनियल कीजची 'फ्लॉवर्स फॉर अल्जर्नन', कादंबरीच्या रूपात 1966 ची. त्याच नावाची मूळ कथा 1959 ची आहे आणि ती वीस-पंचवीस पानांत संपते, तेव्हा हातात काय आहे ते बघून घे. चार्ली गॉर्डन बत्तीस वर्षांचा आहे, बेकरीत काम करतो, बुद्ध्यांक अडुसष्ट. त्याच्या मेंदूवर शस्त्रक्रिया होते आणि तो झपाट्याने हुशार होत जातो. सगळं पुस्तक म्हणजे त्याने स्वतः लिहिलेले अहवाल. सुरुवातीला स्पेलिंग ऐकू येईल तसं, विरामचिन्हं नाहीतच. मग एक दिवस त्याला स्वल्पविराम कळतो आणि त्या दिवसाच्या नोंदीत तो जिथे तिथे स्वल्पविराम टाकत सुटतो. हसू येतं आणि गलबलूनही येतं. पुढे त्याची वाक्यं लांबतात, शब्द जड होतात, आणि त्यानंतर काय होतं ते तूच वाच.

भाषा हीच गोष्ट आहे, असं फार थोड्या पुस्तकांबद्दल म्हणता येतं. इथे येतं. बेकरीतले सोबती आपले जिवलग आहेत, आपल्याबरोबर हसतात, असं चार्ली सुरुवातीला लिहितो. ते त्याला हसतायत हे आपल्याला पहिल्याच वाचनात दिसतं, त्याला कितीतरी पानांनंतर कळतं. दोन नोंदी शेजारी शेजारी ठेव, एक आधीची आणि एक नंतरची, आणि फक्त भाषेवर बोल. वर्गात असा निबंध दुसऱ्या कोणाचा नसेल. अडचण एकच: ज्याचं इंग्रजी स्पेलिंग अजून पक्कं नाही त्याला पहिली तीसेक पानं चुकीच्या स्पेलिंगमुळे जड जातात. शब्द डोळ्यांनी न वाचता ओठांनी उच्चारून वाच, सुटतात. काही प्रसंग मोठ्या वाचकांसाठीचे आहेत, शिक्षकांना सांगून घे.

आपल्या मातीतली कादंबरी चालेल का, असं तू विचारलं नाहीस, पण सगळेच विचारतात. न चालायला काय झालं? आर. के. नारायण यांची 'द गाइड', 1958 ची. तिला 1960 साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. तुरुंगातून सुटलेला राजू एका ओसाड देवळात बसलेला असतो आणि वेलन नावाचा खेडूत त्याला साधू समजतो. राजू नाही म्हणत नाही. प्रकरण अंगाशी येतं, दुष्काळात पावसासाठी उपास करायची पाळी येते, तेव्हा तो वेलनला आपलं सगळं पूर्वायुष्य सांगतो, म्हणजे निदान त्याची श्रद्धा तरी तुटेल. काही प्रकरणं राजूच्या तोंडून येतात, काही बाहेरून. आता विचार कर: पर्यटकांचा गाइड असलेला, ज्याचा आयुष्यभराचा धंदाच लोकांना हवं ते रंगवून सांगण्याचा, तो स्वतःची कबुली देताना खरं किती सांगतोय? त्याच्या आयुष्यात आलेल्या रोझी या नर्तकीबद्दल तो जे सांगतो त्यात ती किती आणि तिच्याबद्दलची त्याची मालकी किती? हा निबंध जमला तर पहिल्या रांगेत बसेल.

इथे सिनेमावाले हमखास सापडतात. 1965 च्या हिंदी 'गाइड'मध्ये शेवटी पाऊस पडतो, पडद्यावर दिसतो. कादंबरीत राजू फक्त म्हणतो की डोंगरात पाऊस पडतोय, मला तो पायाखाली जाणवतोय, आणि खाली कोसळतो. पाऊस खरंच आला का, राजू जगला का, नारायण सांगत नाहीत. 'शेवटी पाऊस येतो आणि राजू संत होतो' असं वाक्य निबंधात दिसलं की पुस्तक उघडलंच नव्हतं हे कळतं.

वाचनाचा वेग खरंच फार कमी असेल तर अनिता देसाई यांची 'द व्हिलेज बाय द सी', 1982 ची. अलिबागजवळच्या थळची गोष्ट. हरी आणि लीला ही भावंडं, बाप दारूत बुडालेला, आई अंथरुणाला खिळलेली. हरी घर सोडून मुंबईला जातो, खाणावळीत राबतो, शेजारच्या घड्याळजीकडे घड्याळं दुरुस्त करायला शिकतो. वातावरण ओळखीचं असल्याने शब्द अडला तरी अर्थ लागतो, पहिल्या इंग्रजी कादंबरीसाठी हा मोठाच फायदा. माझ्या फटीच्या कसोटीला हे पुस्तक पुरेसं उतरत नाही, सांगणारा सगळं नीट समजावून सांगतो. म्हणून इथे प्रश्न वेगळा घ्यावा लागेल. शिकून, बदलून परत येतो तो हरी. पण घर टिकवून धरते ती लीला, आणि आईला इस्पितळात पोचवतात ते मुंबईहून सुट्टीला येणारे बंगलेवाले. मग हे कुटुंब सावरतं ते कोणामुळे? पुस्तकात याची एकाहून जास्त उत्तरं मिळतात, त्यातलं एक धरून वाद घाल. कोकणातला निसर्ग यावर मात्र परिच्छेद लिहू नकोस. ते प्रवासवर्णन होतं.

हार्पर लीची 'टू किल अ मॉकिंगबर्ड' (1960) मला फार आवडते आणि तुला ती थोड्या काळजीनेच सुचवतेय. लांबी तीनशेच्या आसपास पानं, अमेरिकेच्या दक्षिणेकडची बोली, पहिली काही प्रकरणं संथ. तीन आठवड्यांत होईल, पण रोज वाचावं लागेल. निबंध बहुतेकांचे ॲटिकस फिंच हा वकील किती थोर यावरच असतात. त्यापेक्षा पंधराव्या प्रकरणातला तुरुंगाबाहेरचा प्रसंग घे. जमाव ॲटिकसच्या अशिलाला, खोट्या आरोपाखाली कैदेत असलेल्या टॉम रॉबिन्सन या कृष्णवर्णीय माणसाला, ओढून न्यायला आलेला आहे, ॲटिकस एकटा दाराशी बसलाय. स्काउट, त्याची लहान मुलगी, मध्येच घुसते, जमावात एक ओळखीचा चेहरा दिसतो, आणि ती त्या माणसाशी त्याच्या मुलाबद्दल गप्पा मारायला लागते. वर्गात आहे माझ्या, घरी जेवायला आला होता, त्याला माझा नमस्कार सांगा. तो माणूस खाली वाकतो, तिच्याशी बोलतो, आणि सगळ्यांना घेऊन निघून जातो. आपण काय केलं हे त्या लहान स्काउटला कळत नाही. ती फक्त ओळखीच्या माणसाशी सभ्यपणे वागत होती. शिवाय सांगतेय ती मोठी झालेली स्काउट, तिला आता ते माहीत आहे आणि तरी ती त्या वेळच्या स्वतःला मध्ये येऊ देत नाही. इथे एकाच प्रसंगात दोन वयांची एकच व्यक्ती बोलतेय. आणि हेही बघ की ज्याच्या जिवावर बेतलंय तो टॉम या दृश्यात भिंतीआड आहे. पुस्तकात त्याला स्वतःला बोलायला किती जागा मिळते हा प्रश्न पूर्वीपासून विचारला जातो आणि तो रास्त आहे. आवडत्या कादंबरीवर टीका करायला हरकत नाही, उलट गुण वाढतात.

चिनुआ अचेबेंची 'थिंग्ज फॉल अपार्ट' (1958) लांबीने बेताची आणि इंग्रजीही सरळ. नायजेरियातल्या इग्बो समाजाचं जग, ओकोंक्वो नावाचा तापट, अभिमानी माणूस, आणि मग आलेले मिशनरी व गोरे अधिकारी. कादंबरीभर आपण त्या गावाच्या आतून बघत असतो. शेवटच्या परिच्छेदात अचानक नजर बदलते, आपण एका ब्रिटिश अधिकाऱ्याच्या डोक्यात शिरतो, आणि ज्या माणसाची गोष्ट आपण पुस्तकभर वाचली त्याला आपल्या पुस्तकात एखादा परिच्छेद द्यावा की कसं, याचा तो विचार करत असतो. त्या परिच्छेदावर अख्खा निबंध उभा राहतो. आधीचं सगळं वाचलेलं असलं पाहिजे, एवढीच अट. इग्बो शब्द मध्ये मध्ये येतात, बऱ्याच आवृत्त्यांत मागे यादी असते. नसली तरी संदर्भाने लागतात.

काझुओ इशिगुरो यांची 'द रिमेन्स ऑफ द डे' (1989) माझी स्वतःची सगळ्यात आवडती. तुला आता देत नाही. स्टीव्हन्स या बटलरचे वडील वरच्या खोलीत शेवटच्या घटका मोजतायत आणि हा खाली पाहुण्यांना मद्य देत फिरतोय. आपल्याला काय वाटलं ते तो सांगत नाही. मालक विचारतात, तू रडतोयस की काय? तो रुमालाने चेहरा पुसतो आणि दिवसभराच्या दगदगीचं कारण देतो. तो रडत होता हे आपल्याला दुसऱ्याच्या वाक्यातून कळतं. वाचायला ही अवघड नाही. पण पुस्तकभर असंच आहे, काहीच घडत नाही असं वाटत राहतं, आणि सवय नसलेला वाचक पन्नासाव्या पानावर ठेवून देतो. दोनचार कादंबऱ्या झाल्या की घे. डिकन्सची 'ग्रेट एक्स्पेक्टेशन्स'ही तशीच, एकोणसाठ प्रकरणं. तीन आठवड्यांत ती वाचून, परत वाचून, लिहून होणार नाही, कोणी कितीही आग्रह केला तरी.

आता घेऊ नयेत अशी. हेमिंग्वेची 'द ओल्ड मॅन अँड द सी' (1952) लहान म्हणून सगळे सुचवतात. पुस्तक थोर आहे, इंग्रजी सोपं आहे, आणि निबंधासाठी मुलांच्या हातात ते फसतं. म्हातारा चौऱ्याऐंशी दिवस मासा न मिळता काढतो, मोठा मासा लागतो, शार्क तो खातात. सगळं उघड्यावर मांडलेलं, त्यामुळे 'जिद्द सोडू नये' याच्या पुढे गाडी जात नाही. चिवट वाचक पुढे नेतो, पेटका आलेल्या स्वतःच्या हाताशी म्हातारा कसा बोलतो तिथपासून सुरू करतो, पण पहिल्या प्रयत्नात तो भरवसा मी देणार नाही. स्टाइनबेकची 'ऑफ माइस अँड मेन' (1937) चांगली आहे, सहाच प्रकरणं, पण तिच्यावरचे तयार निबंध इतके पसरलेत की तुझं स्वतःचं वाक्यही उसनं वाटेल. गाजलेल्या थरारकथा, प्रेमकथा, जादूच्या मालिका खुशाल वाच. निबंधाला घेतलीस तर मालिकेतलं एकच पुस्तक घे, आणि चारशे पानांतून एक प्रसंग निवडता येत असेल तरच.

निवड कशी करायची? दोन पुस्तकं मिळव, तिसरं नको. दोन्हींची पहिली दहा पानं वाच. एका पानावर पाच-सहा शब्द अडले तर हरकत नाही, दर ओळीला अडत असलास तर ते पुस्तक पुढच्या वर्षी. दहा पानांनंतर ज्याच्यातला सांगणारा डोक्यात बोलत राहिला ते ठेव.

संक्षिप्त, सोपी करून लिहिलेली आवृत्ती घेऊ नकोस. एरवी वाचायला हरकत नाही, पण तिच्यात गोष्ट राहते आणि सांगणारा जातो. बॉक्सरनंतरचं ते दारूच्या पेटीचं वाक्य अशा आवृत्तीत बहुधा नसेल किंवा सरळ करून ठेवलेलं असेल. आणि तुला लिहायचंय ते नेमकं त्यावरच.

पहिलं वाचन न थांबता कर. तोच शब्द दुसऱ्यांदा आडवा आला तरच शब्दकोश उघड. पेन्सिल हातात असू दे, पण अधोरेखित करण्याचा सोस नको. जिथे 'हा असं का म्हणाला?' असं वाटलं तिथे समासात फक्त एक प्रश्नचिन्ह. सव्वा-दीड आठवड्यात हे वाचन संपव. मग फक्त प्रश्नचिन्हांची पानं परत वाच. चार-पाच ठिकाणं एकमेकांशी बोलायला लागतात. तोच तुझा विषय. शेवटचे पाच-सहा दिवस लिहायला ठेव.

सारांश देणाऱ्या साइट आणि तयार निबंध वाचायचेच असतील तर दुसऱ्या वाचनानंतर, तेही आपण गोष्टीत काही चुकलो नाही ना एवढं बघायला. सगळ्या सारांशांत तेच तीन-चार प्रसंग असतात. तुझा मुख्य प्रसंग त्यांत नसलेला निवड. मी तपासताना पहिल्यांदा हेच बघते.

लिहिताना सुरुवात विधानाने कर. 'चार्ली गॉर्डन हे एक भावस्पर्शी पात्र आहे' हे विधान नाही, यावर कोणी वाद घालणार नाही. 'हुशार झाल्यावर चार्लीची भाषा सुधारते पण त्याला माणसं कळायची कमी होतात' यावर वाद होऊ शकतो, आणि पुस्तकातून दाखवावं लागतं. पहिल्याच परिच्छेदात ते येऊ दे. गोष्ट चार-पाच वाक्यांत आटप. नंतर प्रत्येक परिच्छेदात एक प्रसंग, त्यातले मूळ इंग्रजी शब्द, अख्खं वाक्य नाही तर चार-सहा शब्द, अवतरण चिन्हांत, आणि मग ते शब्द काय करतात ते. परिच्छेद अवतरणावर संपवू नकोस. ते टाकून पळून गेल्यासारखं दिसतं.

आणखी किरकोळ, पण गुण जाणाऱ्या गोष्टी. इंग्रजीत कादंबरीतल्या घटना वर्तमानकाळात सांगायची पद्धत आहे: बेंजामिन वाचतो, स्काउट बोलते. एका परिच्छेदात भूतकाळ आणि दुसऱ्यात वर्तमान असं करू नकोस. कादंबरीचं नाव टाइप करत असशील तर तिरप्या अक्षरांत, हाताने लिहीत असशील तर खाली रेघ. पात्रांच्या नावांचं स्पेलिंग पुस्तक समोर ठेवून तपास. पान क्रमांक देत असशील तर प्रकाशकाचं नाव आणि आवृत्तीचं सालही दे, कारण प्रत्येक आवृत्तीत पानं वेगळी पडतात.

तुझ्यासाठी माझी शिफारस: 'ॲनिमल फार्म' आणि 'क्युरियस इन्सिडेंट' ही दोन आण आणि दहा-दहा पानं वाचून ठरव. 'ॲनिमल फार्म' आधीच वर्गात शिकवून झाली असेल तर तिच्या जागी 'द गाइड' घे. शिकवलेल्या पुस्तकावर लिहिलं की शिक्षकांचीच वाक्यं परत त्यांना दिली जातात आणि ती त्यांना ओळखू येतात.